कांबळेमधला ळ

अप्पा,

तुम्ही फार शांत स्वभावाचे होतात, असं परवा वानखडेकाकांनी सगळ्यांसमोर सांगितलं. पुण्यानुमोदनाला आपल्या प्रताप नगरच्या दोन खोल्यांत माणसं मावत नव्हती. वंदना झाली, आणि मग रेल्वेतला तुमचा हा जुना दोस्त उभा राहिला आणि डोळे पुसत म्हणाला की कांबळेंनी उभ्या आयुष्यात कुणाला दुखावलं नाही. त्यांच्याच कपाळावर तुम्ही स्टीलचा पेला फेकून मारला होता, भुवईवरची खूण अजून दिसते. मला हसू आलं. इतकं आलं की थांबेना. बायकांना वाटलं मी रडतेय, म्हणून दोघींनी मला धरून आतल्या खोलीत नेलं. आत गेल्यावर मी तुमचा औषधांचा डबा भिंतीवर फेकला. झाडू मारताना पलंगाखालून अजून गोळ्या निघतात.

लोकांना बोलू दे खोटं, मला ते जमत नाही. तुम्ही तापट होतात, हात उचलणारे होतात, आणि मी तुमचीच लेक आहे. आई होती तोवर मधे उभी राहून दोन्हीकडचा मार खायची. ती गेल्यावर मधे कुणी उरलं नाही. मग आपण दोघांनी मिळून ह्या घरातल्या किती बशा फोडल्या ते आपल्यालाच ठाऊक.

तुमच्या अक्षराबद्दल मात्र काका खरं बोलले. मोत्यासारखं अक्षर, असं ते म्हणाले, आणि माना हलल्या. अकोल्याहून बदली होऊन तुम्ही जयपूरला आलात ते नुसते क्लार्क म्हणून. पण वर्षभरात ऑफिसात कुणाचं मानपत्र असो, कुणाच्या लग्नाची पाकिटं असोत, जयंतीचा फलक असो, सगळं तुमच्या टेबलावर यायचं. तुम्ही बाही दुमडून बसायचात आणि लिहिताना खोलीत कुणी मोठ्यानं श्वास घेतलेला तुम्हाला खपायचा नाही.

ऑफिसातल्या हिंदी पखवाड्याची ती स्पर्धा मला पाठ आहे, कारण तुम्ही ती मला शंभर वेळा ऐकवलीत. सुंदर हस्ताक्षराचं पहिलं बक्षीस तुमचं ठरलेलं. पण परीक्षकांनी कागदाच्या तळाशी तुमच्या सहीतल्या ळ वर लाल गोल काढला, मार्क कापले आणि दुसरा नंबर दिला. स्वतःचंच नाव चुकीचं लिहिलं म्हणून. बक्षीस होतं हिंदीचा जाडजूड शब्दकोश. तुम्ही तो साहेबांच्या टेबलावर असा आदळलात की चहाचे कप उडाले, आणि म्हणालात, साहब, इसमें मेरा नाम ढूँढ़ के दिखाइए. मेमो मिळाला. मेमोवर पोच म्हणून सही केलीत तीही ळ घालूनच.

ह्या एका अक्षरापायी तुम्ही किती जणांशी भांडलात, अप्पा. दारावरच्या पाटीवर पेंटरनं कांबले लिहिलं तेव्हा पाना घेऊन पाटी खरवडलीत. माझ्या शाळेत येऊन बाईंसमोर आरडाओरडा केलात आणि रजिस्टरात माझं नाव दुरुस्त करून घेतलंत. मी लाजेनं बाकाखाली शिरले होते. पुढे बोर्डाच्या फॉर्मवर पुन्हा ल आला, आणि तेव्हा मी तुम्हाला सांगितलंच नाही. माझी मार्कशीट कांबले, डिग्री कांबले, नोकरी कांबले. सहीसुद्धा तशीच बसली. तुम्हाला कळलं तेव्हा तुम्ही माझ्या कानाखाली वाजवलीत, आणि नंतर हसत म्हणालात की हरकत नाही, तू कांबले गोत्राची, आमची कोणी नाही. खुशीत असलात की ती थट्टा असायची आणि चिडलात की शिवी.

भंवरीबाईंचं तुम्हाला म्हणूनच कौतुक होतं. आई गेल्यावर त्या आपल्याकडे पोळ्या करायला आल्या. इथल्याच जवळच्या गावातल्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या. पण त्यांच्या बोलीत ळ आहे, आणि त्या पहिल्याच दिवशी तुम्हाला स्वच्छ ‘कांबळे जी’ म्हणाल्या. तुम्ही मला हाक मारून सांगितलंत की अख्ख्या जयपुरात लिहिता येणाऱ्यांना माझं नाव घेता येत नाही आणि जिला येतं तिला लिहिता येत नाही.

मग ती सकाळ. होळी होऊन आठवडा झाला होता. तुम्ही दाढी करत होतात आणि वस्तरा हातातून पडला. तुम्ही तो उचलायला गेलात, आणि उजवा हात खाली लोंबतच राहिला. अर्ध्या गालावर साबण तसाच होता. मी तुम्हाला त्या साबणासकट दवाखान्यात नेलं.

बोलणं महिन्याभरात परत आलं, पाय काठीवर आला, हात आला नाही. डॉक्टरांनी एक दिवस तुम्हाला पेन दिलं आणि नाव लिहायला सांगितलं. पेन बोटांत बसवायला मला मदत करावी लागली. तुम्ही लिहिलंत. आपण तिघांनी त्या कागदाकडे पाहिलं. एक रेघ वर गेली होती, एक खाली, आणि मधे काहीतरी विस्कटलेलं. मला वाटलं, आता ह्या माणसाचं काय होणार. तुम्ही कागद डॉक्टरांपुढे सरकवलात आणि म्हणालात, लीजिए, मैं भी डॉक्टर हो गया. डॉक्टर खळखळून हसले. ते गेल्यावर तुम्ही पेन दातांत धरून चावून चावून फोडलंत. हनुवटीवरून निळी शाई गळत होती आणि तुम्ही माझ्याकडे असे बघत होतात की मी पुसायला पुढे आले नाही.

त्यानंतर घरात थट्टा सुरू झाली. तुम्ही सामानाची यादी लिहायचात आणि मला ती वाचता यायची नाही. तुम्ही वाटाणे लिहिलं, मी फुटाणे आणले. तुम्ही चष्मा नाकावर ओढून गंभीरपणे म्हणालात, “हे मोडी हाये, बाई. तुमच्या पिढीले नाही येत.” त्या दिवसापासून तुमच्या अक्षराचं नाव मोडी पडलं. फोनच्या वहीत मोडी, दुधाच्या हिशेबात मोडी. मी भंवरीबाईंना समजावून सांगितलं की ही आमच्याकडची जुनी लिपी आहे, भल्याभल्यांना वाचता येत नाही. त्यांनी यादीकडे बघून आदरानं मान डोलावली आणि तुम्ही पोट धरून हसलात.

पण ती थट्टा फक्त तुमची होती. मी एकदा म्हणाले, मोडी की मोडलेली? वही माझ्या तोंडावर आली आणि ओठ फुटला. वानखडेकाकांनी तर काय, कोंबडीचे पाय शाईत बुडवले का, एवढंच विचारलं होतं. पेला त्यांच्या भुवईवर बसला, रक्त आलं, आणि तुम्ही आपल्या हाताकडे बघून म्हणालात, “डाव्यानं नेम चांगला लागते.” काका रुमालानं रक्त दाबत हसले. मीही हसले. बघणाऱ्याला वाटलं असतं की हे घर वेड्यांचं आहे.

मग तुम्ही डाव्या हातानं सुरुवात केलीत. मी चार रेघी वह्या आणल्या, पहिलीतल्या पोरांच्या. रोज सकाळी तुम्ही खिडकीशी बसायचात. क आला, ब आला, मात्रा आली, काना आला. ळ येईना. एक गाठ डावीकडे, एक उजवीकडे, एवढंच तर ते अक्षर. पण दुसऱ्या गाठीला हात निसटायचा आणि पेन कागद फाडत जायचं. पानंच्या पानं फाटलेली असायची. मी ऑफिसातून यायचे तेव्हा चुरगाळलेले गोळे जमिनीवर आणि तुम्ही काठीनं त्यांना बडवत बसलेले.

त्या दिवशी माझंही डोकं फिरलेलं होतं. मी म्हणाले, “अप्पा, मतलब, काय फरक पडतो? ल लिहा. सगळं जयपूर लिहितं. मीपण लिहिते.”

तुम्ही काठी उगारलीत. मी ती धरली, हिसकावली आणि तुमच्या वह्या एकेक करून फाडल्या. तुमच्या डोळ्यांदेखत. क, ब, मात्रा, सगळं. तुम्ही मला भिकारडी म्हणालात, मी तुम्हाला म्हातारा म्हणाले. आपलं हे भांडण तिथंच राहिलं, अप्पा. काय फरक पडतो, ह्याचं उत्तर तुम्ही दिलं नाहीत. दुसऱ्या दिवशी मी नव्या वह्या आणून खिडकीत ठेवल्या आणि तुम्ही पहिल्या पानावर क काढलात.

उत्तर मला माहीत होतं, हे आता कबूल करते. आजोबा रुळांवर गँगमन होते. तुम्ही सांगायचात की पगाराच्या दिवशी बाबू त्यांच्या तोंडाकडेही न बघता अंगठा धरायचा, शाईत दाबायचा, कागदावर दाबायचा आणि हात झटकून टाकायचा. आजोबा तो अंगठा वाळूनं घासायचे आणि मगच भाकरीला हात लावायचे. आपल्या घरातली पहिली सही तुमची. आजोबांनी ती जत्रेत बघावी तशी बघितली म्हणे, पुन्हा काढ, पुन्हा काढ म्हणत. त्या सहीत ळ होता. हे सगळं मला ठाऊक होतं, आणि तरीही मी ते केलं.

नोव्हेंबर आला. पेन्शनवाल्यांनी दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन आपण जिवंत आहोत असं लिहून द्यायचं, त्याला हयातीचा दाखला म्हणतात. मी अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून तुम्हाला रिक्षानं नेलं. काउंटरवरचा मुलगा बिचारा चांगला होता. तुमची डाव्या हाताची सही त्यानं जुन्या सहीशी लावून पाहिली आणि हळूच म्हणाला की बाबूजी, साइन मैच नहीं हो रहे. तुम्ही म्हणालात, बेटा, लकवा साइन को हुआ है, मुझे नहीं. तो हसला, त्यानं दुसरा फॉर्म दिला. मग तिसरा. तिसऱ्यावर पहिली गाठ अगदी नीट आली, आणि दुसऱ्या गाठीला पेन कागदातून आरपार गेलं.

त्यानं शाईचं पॅड पुढे सरकवलं.

मागे रांग होती, कुणीतरी घड्याळ बघत पुटपुटत होतं. झालान्यातल्या माझ्या ऑफिसमधून येणारा फोन पर्समध्ये सारखा वाजत होता. मी म्हणाले, अप्पा, लावा. तुम्ही ओरडला नाहीत. ओरडला असतात तर बरं झालं असतं.

“सुजाता, मी नाही लावणार,” तुम्ही म्हणालात. “उद्या येऊ. रात्रभर काढतो मी. उद्या येईल.”

आणि मी तुमचा हात धरला. पुरुषांचा डावा अंगठा लागतो, आणि तुमचा तेवढा एकच हात धड होता. तुम्ही मूठ आवळलीत. मी एकेक बोट उलगडलं. तुमच्या बोटांत अजून इतकी ताकद असेल असं मला वाटलं नव्हतं. मला दोन्ही हात लावावे लागले, गुडघा काउंटरला टेकवावा लागला. अंगठा मी शाईत दाबला. तेव्हा तुम्ही वाकून माझ्या उजव्या मनगटाला चावलात, आणि सोडलं नाहीत. मीही सोडलं नाही. तसाच तो अंगठा कागदावर दाबला. ठसा फरफटलेला आला होता. पोरानं खाली मान घालून शिक्का मारला आणि म्हणाला, हो गया जी.

तुम्ही जिवंत असल्याचं असं सिद्ध झालं.

रिक्षात तुम्ही बाहेर बघत बसलात. घरी आल्यावर मोरीत गेलात आणि तारेच्या घासणीनं अंगठा घासायला लागलात. उजवा हात चालत नाही, म्हणून घासणी पायाखाली दाबून त्यावर अंगठा घासत होतात. शाई गेली, कातडं निघालं, तरी घासत होतात. मी दारात उभी होते आणि माझ्या मनगटातून रक्त येत होतं. मला तुमच्या पाया पडावंसं वाटत होतं आणि तुमचा गळा दाबावासाही वाटत होता, दोन्ही एकाच वेळी. मी काहीच केलं नाही. भंवरीबाई आल्या, त्यांनी घासणी ओढून घेतली. त्यांना सगळं कळल्यावर त्या हळद आणायला उठल्या नाहीत, आधी तुमच्यासमोर बसल्या.

“कांबळे जी,” त्या म्हणाल्या, “म्हारो अंगूठो गंदो छै कांई?”

तुम्हाला इतकं शरमलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही त्यांना नाव लिहायला शिकवायचं ठरवलंत. वही पुढे केलीत. त्या म्हणाल्या की मला अजून चार घरच्या पोळ्या करायच्या आहेत, तुमचं तुम्ही शिका. अप्पा, त्या वेळचं तुमचं तोंड मला रोज आठवतं.

माझ्याशी तुम्ही अकरा दिवस बोलला नाहीत. ताट ठेवलं की जेवायचात, एवढंच. बाराव्या दिवशी मी ऑफिसात मीटिंगला बसले होते आणि मोबाइलवर मेसेज आला. तुमच्याकडे मोबाइल होता तो फक्त कॉल घेण्यापुरता. इंग्रजी अक्षरांत, एकेक बटण डाव्या अंगठ्यानं दाबून, तुम्ही लिहिलं होतं: अंगठेबहाद्दर बोलतोय. दूध आण.

मी मीटिंगमधून उठून जिन्यात गेले आणि तोंडात ओढणी कोंबून हसले, मग रडले, मग परत हसले. मला तेव्हाच लिहायचं होतं की अप्पा, माझं चुकलं. तेवढं टाइप करून झालंही होतं. मी ते पुसलं आणि लिहिलं, आणते. म्हटलं, घरी गेल्यावर बोलू. घरी गेल्यावर तुम्ही दूध पातळ आहे म्हणून भांडलात, मी तुमच्याशी भांडले, आणि मला इतकं बरं वाटलं की बोलायचं राहून गेलं. पुढे जवळजवळ वर्षभर राहून गेलं. रोज तुमचे मेसेज यायचे. अंगठा मागतोय लोणचं. अंगठ्याला आज ताप. तुम्ही मला माफ केलंत की नुसतं हसवत ठेवलंत, हे मी विचारलं नाही.

ते इथे लिहिते. माझं चुकलं, अप्पा. उद्या येऊ म्हणाला होतात, यायला हवं होतं. उद्या नसता आला तर परवा. नोकरी गेली असती तर गेली असती.

दुसरा झटका ऑक्टोबरात आला, नोव्हेंबर लागायच्या आत. हयातीचा दाखला ह्या वेळी द्यावा लागला नाही. खिडकीतली शेवटची वही मी अजून उघडलेली नाही. त्यात ळ आला असला तरी मी काहीतरी फोडेन आणि नसला तरी फोडेन.

शवागाराबाहेरच्या खिडकीत एक भैया रजिस्टर घेऊन बसला होता. देह मिळाला, इथे सही करा. मी पेन घेतलं, ते पडलं. पुन्हा घेतलं, पुन्हा पडलं. वानखडेकाका बाजूला उभे होते. भैयानं दोनदा पेन उचलून दिलं, मग त्याला दया आली आणि त्यानं शाईचं पॅड माझ्यापुढे सरकवलं. म्हणाला, रहने दीजिए मैडम, अंगूठा लगा दीजिए, चलेगा.

मी पॅडवर अशी झापड मारली की ते भिंतीवर जाऊन आपटलं. निळी शाई भिंतीवर उडाली, त्याच्या शर्टावर उडाली. काकांनी माझे खांदे धरले, मी त्यांना ढकललं, ते बाकावर जाऊन बसले. तिथं रांगेत असलेली माणसं मागे सरली. मग मी वाकून पेन उचललं. उजवं मनगट डाव्या हातानं गच्च धरलं, तुमच्या दातांची खूण आहे तिथंच, आणि लिहायला लागले. सुजाता झालं. कां झालं. ब झाला. पुढे हात आपोआप ल कडे वळला, वीस वर्षांची सवय आहे त्याला. मी तो मागे ओढला. एक गाठ डावीकडे. दुसरी गाठ उजवीकडे. ती चौकटीबाहेर गेली, वरच्या माणसाच्या नावात घुसली, कागद थोडा फाटला. मग मात्रा दिली.

भैयानं बाहीनं शाई पुसली, रजिस्टर आपल्याकडे फिरवलं, डोळ्यांजवळ नेलं, पुन्हा लांब धरलं. रागावला नव्हता. खरंच विचारत होता.

“मैडम, ये लिखा क्या है?”

“मोडी है, भैया,” मी म्हणाले. “आपको नहीं आएगी.”